गच्चीवरचे खाते

व्यापारी कुटुंबात कोणतीही नवी गोष्ट उंबरठा ओलांडण्यापूर्वी वहीत उतरते. भांडवल किती, परतावा केव्हा आणि जोखीम कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दुकानात नवा माल भरला जात नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र एक वस्तू या चौकशीतून काहीशी सहज सुटून घरांच्या गच्चीवर जाऊन बसली आहे. पेठेतल्या दुमजली घरांवर आणि नव्या वसाहतींतील बंगल्यांवर निळसर-काळ्या काचेची सौर पॅनेल दिसू लागली आहेत. नातेवाइकांच्या बैठकीत ‘तुम्ही किती किलोवॅट बसवले?’ हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही.

प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. किती किलोवॅट बसवले यापेक्षा बसवलेला प्रत्येक किलोवॅट काय कमावतो, हे विचारायला हवे. गच्चीवरील सौर वीज ही फायद्याची गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु तिचा पहिला किलोवॅट आणि चौथा किलोवॅट यांच्या कमाईत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या सरासरीत हा फरक झाकला जातो. तो कसा पडतो, हे समजण्यासाठी या यंत्रणेचा व्यवहार मुळापासून पाहावा लागेल.

वीज कशी येते, कशी जाते

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण होऊ शकते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल याने १८३९ मध्ये दाखवून दिले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्या घटावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्के ऊर्जाच विजेत रूपांतरित होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलमध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे.

पॅनेलमधून निघणारी वीज एकदिश असते, म्हणजे बॅटरीतून मिळते तशी. घरातील दिवे, पंखे आणि शीतकपाट प्रत्यावर्ती विजेवर चालतात. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. जाळ्याशी जोडलेल्या, म्हणजे ‘ऑन-ग्रिड’ यंत्रणेतील इन्व्हर्टर महावितरणच्या तारेतून येणाऱ्या विजेचा दाब आणि तिची सेकंदाला पन्नास आवर्तनांची लय पाहतो व आपली वीज त्याच लयीत सोडतो. घरात मागणी असेल तर ही वीज आधी घरातच वापरली जाते. उरली तर ती मीटरमधून बाहेर जाऊन शेजारपाजारच्या घरांत पोहोचते. रात्री किंवा ढगाळ दिवशी गरज पडली की वीज नेहमीप्रमाणे तारेतून आत येते. या व्यवस्थेत बॅटरी नसते. साठवण करण्याऐवजी देवाणघेवाण केली जाते आणि त्या देवाणघेवाणीची नोंद दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर ठेवतो.

महाराष्ट्रातील उन्हात एक किलोवॅट क्षमतेची पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात. म्हणजे महिन्याला सुमारे १२० आणि वर्षाला सुमारे १,४०० युनिट. त्यासाठी गच्चीवर सावली नसलेली साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. हे आकडे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा हिशेब घरबसल्या करता येतो.

युनिटांचा रोजमेळ

या देवाणघेवाणीच्या पद्धतीला नेट मीटरिंग म्हणतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने घरगुती छतांसाठी तिचे नियम प्रथम २०१५ मध्ये आणि नव्या स्वरूपात २०१९ मध्ये लागू केले. व्यापाऱ्याला ती समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण ते एक चालू खातेच आहे. ग्राहकाने तारेत सोडलेले युनिट जमेच्या बाजूला पडतात आणि तारेतून घेतलेले युनिट नावे पडतात. महिन्याच्या अखेरीस नावे अधिक असेल तर तेवढ्याच युनिटांचे बिल येते. जमा अधिक असेल तर शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते.

या खात्याचे दोन नियम मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की, खाते रुपयांत नसून युनिटांत चालते. दुपारी दिलेल्या एका युनिटाच्या बदल्यात रात्री एक युनिट मिळते. जोपर्यंत ही अदलाबदल चालू असते, तोपर्यंत ग्राहकाच्या विजेला घरगुती वापराच्या दराइतकीच किंमत मिळते, आणि तीच या व्यवस्थेची खरी ताकद आहे.

दुसरा नियम वर्षअखेरीचा. पेढीवरची जुनी वही दिवाळीच्या पाडव्याला बदलत असली, तरी हे खाते ३१ मार्चला मिटते. त्या दिवशी जमेला उरलेल्या युनिटांचे पैसे आयोगाने ठरवलेल्या खरेदी दराने चुकते होतात आणि नवे वर्ष शून्यापासून सुरू होते. हा खरेदी दर घरगुती वीजदरापेक्षा बराच कमी असतो. साहजिकच एप्रिल-मे महिन्यांतील कडक उन्हात जमा झालेली शिल्लक चातुर्मासातील ढगाळ दिवसांची तूट भरून काढते. परंतु हिवाळ्यात पंखे बंद असताना साठलेली आणि मार्चअखेर न वापरलेली शिल्लक अल्प दरात निघून जाते. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवणाऱ्याच्या वाट्याला दरवर्षी ही घट येते.

एक गैरसमज इथेच दूर करावा. खात्यात जमा कितीही असली तरी बिल अगदी शून्यावर येत नाही. जोडणी ठेवल्याबद्दलचा स्थिर आकार दरमहा भरावाच लागतो.

प्रत्येक किलोवॅटची कमाई निराळी

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात वापराचे टप्पे आहेत: शंभर युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ च्या दरपत्रकानुसार, वहन आकार धरून, पहिल्या टप्प्यातील युनिट सुमारे सहा रुपयांना, दुसऱ्यातील सुमारे साडेअकरा रुपयांना आणि तिसऱ्यातील साडेपंधरा रुपयांहून अधिक दराने पडत होते. दर वेळोवेळी बदलतात. ही चढण मात्र कायम राहत आली आहे. सौर वीज बिलातील युनिट वरून कमी करते, म्हणजे सर्वांत महागडे युनिट आधी वाचतात. कमाईतील फरकाचे मूळ इथे आहे.

समजा, एका कुटुंबाचा सरासरी वापर महिन्याला ३५० युनिट आहे. पहिल्या किलोवॅटने १२० युनिट दिले. त्यांपैकी पन्नास युनिट तिसऱ्या टप्प्यातील आणि सत्तर दुसऱ्या टप्प्यातील वाचले. वरील दरांनी ही बचत महिन्याला सुमारे १,५९० रुपयांची झाली. आता बिल २३० युनिटांवर आले. दुसऱ्या किलोवॅटचे १२० युनिट संपूर्णपणे दुसऱ्या टप्प्यातून वाचले. बचत सुमारे १,३७५ रुपये. बिल ११० युनिटांवर आले. तिसऱ्या किलोवॅटला वाचवण्यासाठी महागडे युनिट जेमतेम दहा उरले, बाकीचे शंभर सहा रुपयांचे. त्याची बचत सुमारे ७०० रुपये, म्हणजे पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता खर्चाची बाजू. एका किलोवॅटला ६०,००० रुपये पडतात असे गृहीत धरू. केंद्र सरकारच्या योजनेतून पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळते. त्यापुढे काही मिळत नाही. म्हणजे घरचे भांडवल पहिल्या दोहोंसाठी प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्यासाठी ४२,००० आणि चौथ्यासाठी पूर्ण ६०,००० रुपये. भागाकार केला तर पहिला किलोवॅट सुमारे एकोणीस महिन्यांत आणि दुसरा बावीस महिन्यांत आपले पैसे फेडतो. तिसऱ्याला पाच वर्षे लागतात. चौथ्याने तयार केलेली सगळी वीज या घरात शिल्लकच उरते. तिला युनिटमागे तीन रुपये मिळाले असे धरले, तर त्याचे भांडवल वसूल व्हायला जवळजवळ चौदा वर्षे जातात.

विक्रेता हे असे वेगळे करून सांगत नाही. तो चार किलोवॅटचा एकत्र हिशेब मांडतो: घरचा खर्च १,६२,००० रुपये, महिन्याची कमाई सुमारे ४,००० रुपये, वसुली साधारण चाळीस महिन्यांत. आकडा खोटा नसतो आणि ऐकायलाही चांगला वाटतो. पण पहिल्या दोन किलोवॅटची घसघशीत कमाई चौथ्याची आळशी कमाई आपल्या पदराखाली झाकत असते. दुकानात एखादा माल पडून राहत असेल तर संपूर्ण दुकानाच्या नफ्याकडे बोट दाखवून कोणी तो पुन्हा मागवत नाही. गच्चीलाही तोच न्याय लावावा.

याचा अर्थ यंत्रणा लहानच असावी, असा मुळीच नाही. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराला एक किलोवॅट पुरेसा होईल. दुसऱ्याला तिथे स्वस्त टप्प्यातले ऐंशीच युनिट वाचवायला मिळतील. याउलट तीन मजल्यांच्या एकत्र कुटुंबात वातानुकूलन यंत्रे असतील आणि वापर सहाशे युनिटांचा असेल, तर चौथा किलोवॅटदेखील अनुदानाविना चारेक वर्षांत आपले पैसे परत देईल. येत्या वर्ष-दोन वर्षांत विजेवर चालणारी दुचाकी किंवा मोटार घेण्याचा, स्वयंपाकघरात इंडक्शन शेगडी आणण्याचा विचार पक्का असेल, तर त्यासाठी लागणारे युनिट आजच मोजणीत धरणे शहाणपणाचे आहे. मात्र हे नियोजन घराच्या गरजेतून यावे. गच्ची मोकळी आहे म्हणून ती भरून काढण्याच्या हौसेतून नव्हे.

म्हणून कोणत्याही विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवावीत. एका महिन्याच्या बिलावरून क्षमता ठरवू नये. मे महिन्याचे बिल फुगलेले असते आणि जानेवारीचे आकसलेले.

सरकारी योजना आणि कागदपत्रे

वर उल्लेखलेले अनुदान ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ या योजनेतून मिळते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तिला मान्यता दिली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असून देशातील एक कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मार्च २०२५ पर्यंत दहा लाख घरांवर यंत्रणा बसल्या. एका घराला मिळणारे कमाल अनुदान ७८,००० रुपये आहे. गृहनिर्माण संस्थांना सामायिक दिवे, पाण्याचे पंप, उद्वाहन यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये दिले जातात. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील घट भारतात बनलेले असणे बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कराचा दर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्यापूर्वी घेतलेले दरपत्रक हाताशी असेल तर ते नव्याने मागवावे.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर करायचा असतो. नोंदणीकृत विक्रेत्यांपैकी एकाची निवड, उभारणी, वीज कंपनीची तपासणी, नेट मीटर आणि यंत्रणा सुरू झाल्याचा दाखला या क्रमाने काम पुढे सरकते व अनुदान शेवटी थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीमुळे दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांसाठी वेगळा तांत्रिक व्यवहार्यता अभ्यास लागत नाही. मुंबई शहरात आणि बहुतांश उपनगरांत महावितरणऐवजी बेस्ट, टाटा, अदानी यांसारख्या कंपन्यांकडे वितरण आहे. तेथील ग्राहकाने आपल्या कंपनीचे कार्यालय गाठावे.

अनेक व्यापारी घरांत अर्ज अडतो तो नावापाशी. वीजबिल अजूनही आजोबांच्या नावावर असते, घर काका आणि वडील यांच्या सामायिक मालकीचे असते आणि बँक खाते धाकट्या मुलाच्या नावाचे दिले जाते. अनुदानासाठी वीजजोडणी, अर्ज आणि बँक खाते यांतील नाव जुळणे आवश्यक आहे. नावबदलाचा अर्ज आधी करून मोकळे व्हावे. सामायिक गच्ची असेल तर भावा-भावांची लेखी संमतीही आधीच घ्यावी. आज प्रेमाने दिलेला तोंडी होकार पंचवीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूला पुरत नाही. पुढच्या पिढीत वाटणी होईल तेव्हा गच्चीवरचे हे खाते कोणाचे, हा प्रश्न येणारच. तो गोडीत असताना कागदावर उतरवलेला बरा.

खाली दुकान, वर घर

पेठेतील कित्येक घरांत एकाच छपराखाली दोन मीटर असतात, खाली दुकानाचा व्यापारी आणि वर घराचा. अनुदान घरगुती जोडणीलाच मिळते. घराच्या मीटरवर जमा झालेले युनिट दुकानाच्या बिलात वळते करता येत नाहीत. नेट मीटरचे खाते ज्या जोडणीचे, तिच्यापुरतेच ते चालते. त्यामुळे ‘वर बसवू, खाली वापरू’ हा मनसुबा सोडून द्यावा. घरगुती जोडणीवरील वीज तार ओढून दुकानात वापरणे हा नियमभंग ठरतो आणि त्यावर दंड होऊ शकतो.

दुकानासाठी वेगळा विचार करता येतो. तिथे अनुदान नाही, परंतु व्यापारी वीजदर चढा असतो आणि दुकानाचा वापर मुख्यतः दिवसाच होतो. शिवाय व्यवसायाची मालमत्ता म्हणून सौर उपकरणांवर आयकराच्या नियमांनुसार चाळीस टक्के दराने घसारा मिळत आला आहे. यासंबंधी चालू वर्षाची तरतूद आपल्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावी. घर आणि दुकान यांच्या दोन स्वतंत्र यंत्रणा, दोन स्वतंत्र बिले आणि दोन स्वतंत्र वह्या, हाच स्वच्छ मार्ग आहे.

दिवसाच्या वापराचे महत्त्व घरांसाठीही वाढत चालले आहे. नेट मीटरिंगमध्ये आज दिवसाचे आणि रात्रीचे युनिट एकमेकांत वळते होत असले, तरी वेळेनुसार दर आकारण्याकडे देशभर कल आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर महावितरणने सवलत देऊ केली, ती याच दिशेने. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची शिस्त आहे, त्यांचे स्वयंपाकघर आपसूकच उजेडाच्या वेळेत चालते. पाण्याचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री ही कामेही दुपारी उरकली, तर उद्या नियम कसेही बदलले तरी अशा घराचे नुकसान सर्वांत कमी होईल.

वीज गेली तर

घरातील ज्येष्ठ मंडळींचा सर्वांत मोठा अपेक्षाभंग इथे होतो. भर दुपारी लख्ख ऊन पडलेले असते, गच्चीवर पॅनेल तळपत असतात आणि गावातील वीज जाताच घरातला पंखाही थांबतो. यंत्रणा बिघडलेली नसते. ती ठरल्याप्रमाणेच वागत असते.

तारेतील पुरवठा बंद झाला की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने तत्काळ स्वतःला बंद करावे, अशी सक्ती आहे. तिचे कारण खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाशी निगडित आहे. वाहिनी बंद केली आहे असे समजून तारमार्गी दुरुस्तीला हात घालतो. त्याच क्षणी एखाद्या घराच्या गच्चीवरून त्या तारेत वीज आली तर अनर्थ घडेल. तो टाळण्यासाठी प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये ही व्यवस्था असते. तिला बगल देऊन ‘वीज गेली तरी चालू राहील’ असे जोडून देणारा कारागीर भेटला, तर त्याला गच्चीवर चढू देऊ नये.

खंडित पुरवठ्याच्या काळात वीज हवी असेल तर दोन मार्ग आहेत. घरात आधीपासून असलेला बॅटरीचा इन्व्हर्टर तसाच ठेवून त्यावर दोन-चार दिवे-पंखे चालवणे, हा सोपा आणि स्वस्त मार्ग. दुसरा मार्ग बॅटरीसह येणाऱ्या ‘हायब्रिड’ यंत्रणेचा. तिचा खर्च बराच अधिक असतो, शिवाय पॅनेल पंचवीस वर्षे टिकत असली तरी बॅटरी त्याआधी बदलावी लागते. ज्या गावात वीज क्वचित जाते तिथे हा खर्च भरून निघत नाही. घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण असेल, तर मात्र हिशेब पैशांचा राहत नाही.

सावली, वारा आणि पाखरे

पॅनेलचा मोठा शत्रू सावली. एकाच माळेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली तरी माळेतील इतरांच्या उत्पादनाला त्याची झळ लागू शकते. पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, शेजारच्या इमारतीचा वाढलेला मजला यांची सावली कुठे येते, हे उन्हाळ्यात पाहून कळत नाही, कारण तेव्हा सूर्य माथ्यावर असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुण्याच्या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो. पॅनेलपेक्षा तीन फूट उंच असलेल्या टाकीची सावली त्या वेळी उत्तरेकडे जवळपास तेवढीच लांब पडते आणि सकाळ-संध्याकाळी ती आणखी लांबते. जागा ठरवताना हिवाळ्यातील सावली धरूनच आखणी करावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण गावाच्या अक्षांशाइतका ठेवावा.

कडक उन्हात उत्पादन सर्वाधिक होते, ही समजूतही पूर्ण खरी नाही. पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे ती सुमारे एक तृतीयांश टक्क्याने उतरते. म्हणून पॅनेलखाली वारा खेळता राहील इतकी मोकळी जागा हवी. सांगाडा जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या लोखंडाचा असावा. ३ जून २०२० रोजी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याला तडाखा देणाऱ्या निसर्ग चक्रीवादळानंतर छतावरील बांधणीच्या मजबुतीविषयी कोकणात तरी वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही. गच्चीला छिद्रे पाडायची असतील तर जलरोधनाचे काम कोण करून देणार, हे आधी लिहून घ्यावे. पापड-कुरडया, धान्याची वाळवण आणि धार्मिक कार्यक्रमांसाठी गच्ची मोकळी हवी असेल तर सांगाडा उंच घेता येतो. खर्च वाढतो, पण पॅनेलच्या सावलीत बसण्याजोगी जागा मिळते.

पाखरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पॅनेल आणि गच्ची यांच्यामधील सावलीची पोकळी कबुतरांना घरट्यासाठी फार आवडते. विष्ठेमुळे काच झाकली जाते, तारांना इजा पोहोचते आणि मग जाळी लावायची ठरते तेव्हा आत अंडी किंवा पिले असतात. जीवदया मानणाऱ्या कुटुंबाला ती जाळी लावणेही कठीण आणि न लावणेही कठीण, असा पेच पडतो. यावरचा उपाय एकच: उभारणीच्या दिवशीच, एकही घरटे होण्यापूर्वी, पॅनेलच्या चारही कडांना जाळी बसवून घ्यावी. दाणा-पाण्याची जागा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी.

धूळ पुसण्याचे काम पहाटे किंवा मावळतीला करावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास ती तडकू शकते. विंधन विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने पांढरे डाग राहतात, म्हणून मऊ पाणी आणि मऊ फडके वापरावे.

व्यवहार चोख असावा

खरेदीचे नियम व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाहीत, तरीही नव्या मालाच्या भरात ते विसरले जातात. किमान तीन दरपत्रके घ्यावीत आणि त्यांची तुलना एकूण रकमेवर न करता पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडा, तारा, अर्थिंग आणि वीज-निरोधक या घटकांवर करावी. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक पक्क्या बिलावर नोंदवून घ्यावा. बिल नसेल तर हमीचा कागद निरुपयोगी ठरतो. पॅनेलची पंचवीस वर्षांची हमी उत्पादनक्षमतेची असते, बांधणीतील दोषांची हमी निराळी आणि सहसा कमी मुदतीची असते. इन्व्हर्टरची मुदत त्याहून कमी असते आणि पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागेल, असे धरून चालावे. योजनेतील यंत्रणेची पाच वर्षे देखभाल करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती कशी आणि किती वेळा होणार, हे करारात लिहून घ्यावे. संपूर्ण रक्कम आगाऊ न देता काही भाग नेट मीटर बसून यंत्रणा सुरू होईपर्यंत राखून ठेवावा.

यंत्रणा सुरू झाल्यावर पहिले वर्षभर उत्पादनाचा मासिक आकडा आणि बिलावरील जमा-नावे यांची वहीत नोंद ठेवावी. दोन किलोवॅटच्या यंत्रणेने वर्षाला सुमारे २,८०० युनिट द्यायला हवेत. पावसाळा वगळता एखाद्या महिन्यात आकडा अचानक खाली आला, तर धूळ, नवी सावली किंवा निखळलेली तार यांपैकी काहीतरी घडलेले असते. नोंद नसेल तर हा तोटा वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या वहीत एक रकाना असा आहे ज्याचे रुपये होत नाहीत. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा आजही चंद्रपूर आणि कोराडीसारख्या केंद्रांत कोळसा जाळून तयार होतो. आपल्या देशात जाळ्यातील प्रत्येक युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडला जातो. त्या हिशेबाने दोन किलोवॅटची एक गच्ची दरवर्षी सुमारे दोन टन वायू टाळते. ही जमा कोणत्याही बिलावर छापून येत नाही, तरी चंद्रपुरात त्या धुराखाली राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती खरी असते.

गरजेपुरते घेणे आणि घेतलेल्याचा पूर्ण उपयोग करणे, या जुन्या शिकवणीला इथे रोख पाठबळ मिळाले आहे: गरजेइतकी यंत्रणा दोन वर्षांत फिटते, गरजेबाहेरचा चौथा किलोवॅट चौदा वर्षे घेतो. आपल्या घराची गरज कुठे संपते, हे बारा महिन्यांची बिले सांगतील. ती एकत्र काढून सरासरी युनिट मांडायला एक संध्याकाळ पुरते, आणि त्या कामात घरातील ज्येष्ठांबरोबर शाळेत जाणाऱ्या नातवंडांनाही बसवावे, कारण हे खाते पुढे त्यांनाच चालवायचे आहे.